वाटाड्याचे दोन पॉइंट

गुरुनाथचा अंगठा फोनवर खालून वर सरकत होता, डोळे मात्र हलत नव्हते. वाचणाऱ्या माणसाचे डोळे हलतात. त्याचे एका जागी थांबले होते. टेबलाच्या पलीकडून मंजुषाने ते पाहिलं. नवऱ्यानेही नकुलचं बोलणं ऐकलं होतं तर.

नकुल एवढंच म्हणाला होता, "म्हणजे वाटाड्याला रिझर्व्हेशन."

अमेरिकेत अल्फारेटामधल्या यतीनच्या घरी रविवारी दुपारी ही मित्रमंडळी जमली होती. इथल्या मराठी शाळेच्या मुलांसाठी यतीन एक खेळ तयार करत होता. फासे टाकायचे, गोष्ट रचत पुढे जायचं, वाटेत राक्षस भेटला की लढायचं, आणि सगळं मराठीतून. प्रत्येक मुलाने योद्धा, जादूगार, वैद्य किंवा वाटाड्या व्हायचं. इंग्रजी खेळात याला क्लास म्हणतात. 'वर्ग' लिहिलं तर मुलांना तिसरी-चौथी वाटेल, म्हणून यतीनने तिथे 'जात' लिहिलं होतं. आंब्याची असते तशी, असं त्याचं म्हणणं. कुणी हरकत घेतली नव्हती.

कुठलीही जात फार वरचढ होऊ नये, हे बघायचं काम मंजुषाकडे आलं, कारण ती औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायची नोकरी करत होती. तिने कॉम्प्युटरवर हजारो लुटूपुटूच्या लढाया लावून पाहिल्या. बहुतेक वेळा वाटाड्या आधी मरत होता. लढण्यात तो कमी नव्हता. बाकीच्यांना सुरुवातीलाच चिलखत नाहीतर मंत्र मिळत होते आणि तो उघड्या अंगाने निघत होता. म्हणून त्याला दोन पॉइंट जास्त द्यावेत, असं तिने सुचवलं होतं.

"मार्क कमी, तरी सीट पक्की," नकुल म्हणाला.

"आणि जादूगार बिचारा अमेरिकेला," यतीनने भर घातली.

सगळे हसले. मंजुषाही हसली. हे हसू आता तिला ठरवून आणावं लागत नसे.

इथे आल्यापासून ती आणि गुरुनाथ एक गोष्ट लपवत होते. नागपूरला कुठे, असं कुणी विचारलं की ती 'सदरच्या बाजूला' म्हणायची. इंदोरा म्हटलं असतं, तर नागपूरच्या माणसाला जात वेगळी विचारावी लागली नसती. पाहुणे येणार असले की हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये जायचा, पाहुणे गेले की परत जागेवर यायचा. हे सगळं थांबवू, लोकांना सांगून टाकू, असं मंजुषा दर वर्षी म्हणायची. पुढच्या वर्षी, असं गुरुनाथ म्हणायचा. तो यतीनच्या हाताखाली काम करत होता. आधी व्हिसा होता, मग घर घ्यायचं होतं, मग मुलगी, चैत्राली, मोठी झाली आणि तिच्या साऱ्या मैत्रिणी याच घरांमधल्या निघाल्या. आताही ती बेसमेंटमध्ये यतीनच्या मुलीबरोबर खेळत होती. आपण घरात काय लपवतो, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

मंजुषाला राग येत नव्हता. राग आला असता तर सोपं गेलं असतं. ती फक्त दमली होती.

तिने लॅपटॉप फिरवून आलेख दाखवला आणि चिलखताचा मुद्दा पुन्हा एकदा समजावला. यतीनने मान डोलावली, पण नकुलला पटलं नाही. फुकटचे पॉइंट दिले की खेळायची मजा जाते, असं तो म्हणत राहिला.

तेवढ्यात गुरुनाथने फोनवरची बातमी वाचायला घेतली. विषय इथवर आला की तो नेहमी गेमच्या बातम्या वाचायचा. कुठल्याशा ऑनलाइन गेमच्या नव्या अपडेटमध्ये एका कमजोर क्लासची ताकद वाढवली होती. बाकीचे खेळणारे इतके चिडले, की कंपनीने तो बदल मागे घेतला.

"बघ," नकुल म्हणाला. "पब्लिकला नाही आवडत यार."

कुणाच्या लक्षात आलं नाही, पण आसावरीला मंजुषाचा चेहरा दिसला. ती यतीनची बायको. कुणाचं मन दुखलेलं तिला बघवत नसे. तिने चिवड्याची बशी मंजुषाकडे सरकवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, नको मनावर घेऊस. यांची जुनीच थट्टा आहे. आणि आपल्यात कुणी आहे का तसं, वाईट वाटून घ्यायला?"

तिने हे मनापासून, मायेने म्हटलं होतं. त्यामुळे त्याला उत्तर देणं आणखी कठीण होतं. मंजुषाने गुरुनाथकडे पाहिलंही नाही. तो काय म्हणेल, हे तिला पाठ होतं. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "दोन पॉइंट काढून टाकते."

"राहू दे," गुरुनाथ म्हणाला. "काढू नकोस."

नकुल त्याला काहीतरी विचारणार होता. गुरुनाथ त्याच्याकडे वळला नाही. तो आसावरीशी बोलत होता, आणि आवाज अगदी बातमी वाचतानाचाच होता.

"आपल्यात आहे ना, आसावरी. मंजुषा आणि मी. दोघंही रिझर्व्हेशनमधूनच शिकलो. बौद्ध आहोत आम्ही."