ताजा भराव

ट्रॅक्टरला पुढे जोडलेल्या लोडरची भरलेली बकेट उचलली की जालिंदरला समोरचे काही दिसत नसे. शेततळ्याच्या ताज्या भरावावर ट्रॅक्टर चाले आणि थोरला भाऊ बाजूने हातांनीच खुणा करी. आईच्या तेराव्याला भांडण झाल्यापासून दोघांत एवढेच बोलणे उरले होते.

भावाचा हात डावीकडे झुकला. जालिंदरने स्टिअरिंग वळवले आणि डाव्या चाकाखालची माती खचली. ट्रॅक्टर कलला, मागचे उजवे चाक अधांतरी फिरू लागले. उडी मारण्यासाठी तो अर्धवट उठला.

“जाल्या, बस खाली! बकेट टेकव!”

त्याने लीव्हर ढकलला. बकेट मातीत रुतली, चाक धपकन जमिनीवर आले.

भावाने मुकाट्याने मागे येण्याची खूण केली. ती स्पष्ट दिसूनही जालिंदर हलला नाही.

“दादा, हात दिसत नाही. तोंडानं सांग.”

थोरल्याने हात खाली घेतला.

“ये मागं, गाढवा. हळू ये.”