अर्धवट राहिलेली रहस्यकथा

सायकलवाला बससमोर आडवा आला आणि चालकाने ब्रेक दाबेपर्यंत उशीर झाला. सायकलवाला वाचला, चौकशीत चालकही निर्दोष ठरला. तरी दोन महिने त्याच्या जिवाला चैन पडेना. खुर्चीत बसूनही उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत राही. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या ताईने त्याला बोलावलं. “माझी अर्धवट राहिलेली रहस्यकथा वाचून दाखव.” “माझं डोकं ठिकाणावर नाही, ताई.” “डोकं कोण मागतंय? तोंड चालव.” तो कुरकुरत वाचू लागला. दोनदा उठून त्याने येरझाऱ्या घातल्या. मग गोष्टीतलं मृत्युपत्र गायब झालं, माळी फरार झाला आणि चालकाने खुर्ची पुढे ओढली. ताई घोरायला लागली तरी तो थांबला नाही. तासाभराने ती उठली. “अरे, मी झोपले होते! कुणाला वाचून दाखवत होतास?” “मला.” त्याने पान उलटलं. “मधे बोलू नकोस.”