साबणाच्या डबीतली वीज

तांब्याची सळई गॅसवर लाल झाली तशी वाइंडिंगवाल्याने ती पकडीने उचलून सोल्डरवर टेकवली. वीज नसताना डाग द्यायचा तर असाच. ट्रान्सफॉर्मर जळून किती दिवस झाले, कुणी फिरकलं नव्हतं. वीजमंडळाच्या साहेबांची सासुरवाडी थोडीच होती या गल्लीत.

"अहो, चहा ठेवायचाय मला," बायको म्हणाली. "पंख्यांच्या तारा गुंडाळायच्या सोडून हे काय आरंभलंय?"

"थांब जरा."

ओट्यावर भंगारातल्या लॅपटॉप बॅटऱ्यांची सालं पडली होती. आतले सेल त्याने मीटरवर एकेक तपासले होते. बरेचसे मेलेले, थोड्यांत धुगधुगी. सारख्या ताकदीचेच शेजारी बसवायचे, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात सांडतो आणि दोघंही तापतात. घाईत एक चुकीचा लागला. बोट भाजलं. त्याने शिवी गिळली आणि तो सेल उपटून फेकला.

दारातून शेजारीण डोकावली. "भावजी, ताईंचा फोन मी गिरणीच्या जनरेटरवर भरून आणलाय. मग हा खटाटोप कशाला? घर पेटवाल एखाद दिवशी."

"दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस काढायचे, वहिनी?"

"घ्या. या ताठ्यापायीच पोरगा रुसून गेला."

त्याने सळई पुन्हा ज्योतीत धरली.

बायकोने फोन बाहीने पुसला. रोज दिवेलागणीला ती मुलाला फोन लावायची. बेल जायची, तो उचलायचा नाही. तेवढ्यावर तिची रात्र निघायची.

"राग जाईल त्याचा," ती शेजारणीला म्हणाली. "बेल जाते ना? फोन चार्ज करतोय म्हणजे डोक्यावर छप्पर आहे, खाऊन-पिऊन आहे. मागं एकदा बंद लागला, तर माझ्या पायातलं बळच गेलं."

तेव्हा तिला उचलून खाटेवर टाकावं लागलं होतं. पुन्हा तसं झालं तर ती उठायची नाही, हे वाइंडिंगवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

"लावू आता?"

"आधी चहा टाक. हा घे तुझा गॅस."

"बरा सुटला."

फुटक्या पॉवर बँकेतली सर्किटची पट्टी त्याने सेलांना जोडली, सगळं साबणाच्या डबीत कोंबलं. पट्टीवरचा दिवा लागेना. सळई गार व्हायच्या आत डाग सोडवला, पुन्हा दिला. ज्या देवाला वर्षभर शिव्या घातल्या, त्यालाच त्याने विनवलं. दिवा लागला.

"पकड ठेवून येतो," म्हणत तो मागच्या खोलीत गेला. डबी खिशात होती. आतून कडी घातली, जळक्या मोटारींखालची पिशवी ओढली. शवागाराचा शिक्का तिच्यावर अजून होता. आत काच तडकलेला फोन. त्याने वायर खुपसली, बटण दाबून धरलं.

पडदा काळाच.

बाहेर कप वाजले. "अहो, चहा झाला. लावते हं मी."

"साखर टाक माझ्यात अजून," तो आतून ओरडला.

"एवढी गोडी कुठून आली आज?" शेजारीण हसली.

पडदा उजळला. नेटवर्कची एक काडी उभी राहिली, मग दुसरी.

"लावला बाई," बाहेरून आवाज आला.

त्याच्या तळहातावर, आवाज न करता, एकच शब्द पेटला: आई.