गुहेबाहेरची थोरली

"राक्षस दिसताच तुझी वीरांगना तर धाकट्या बहिणीला गुहेत टाकून पळाली!" पटावर सोंगट्या मांडून पात्रं रंगवायचा खेळ चालवणाऱ्या ओजसनं मृण्मयीला जाहीर करून टाकलं. बाळंतपणामुळे चार महिने ती खेळायला येत नव्हती, तेव्हा तिचं पात्र त्यानंच चालवलं होतं.

धाकटीचं पात्र करणारी शाल्मली पटावरची नजर काढेना. "पळालीच ती. चार महिने साधा निरोपसुद्धा नाही."

टोमणा कुणाला होता, ते मृण्मयीला बरोबर कळलं. मांडीवरच्या लेकीला थोपटत ती म्हणाली, "माझी बाई मी ओळखते. राक्षसाला स्वतःच्या मागे लावून ती त्याला लांब घेऊन गेली."

"कशावरून?" शाल्मलीनं विचारलं.

"राक्षस गुहेत शिरला का?"

ओजसनं डोकं खाजवलं. "नाही बुवा."

शाल्मलीनं आपली सोंगटी थोरलीच्या सोंगटीला चिकटवून ठेवली. "पुढच्या वेळी हाक मार, ताई. दोघी मिळून पळवू त्याला."