अहो, मेल आला!

"अहो, मेल आला!" हे वाक्य रणदिव्यांनी बायकोच्या आवाजात रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर नव्या मेलची सूचना म्हणून लावलं.

चौथ्या दिवशी लेक बॅगा ओढत दारात उभी. "बाबा, तुम्हीच म्हणालात, मेल कर. स्टँडवर या म्हणून सहा केले!"

"कॉम्प्युटर वाजलाच नाही."

"सहाही वेळा वाजला," आतून बायको कडाडली. "चाळीस वर्षं माझ्या हाकेला ओ दिली नाही, कॉम्प्युटरमधून मारलेल्या हाकेला देणार होय!"

लेकीने तो आवाज काढून साधी टिंग लावली. टिंग वाजली की रणदिवे अर्धी दाढी सोडून धावू लागले.

दुसऱ्या दिवशी बायकोने कॉम्प्युटरपाशीच ताट वाढलं. हाक न मारता वाटीवर चमचा आपटला.

"कुणाचा मेल?" रणदिवे बाल्कनीतून पळत आले.

"माझा. बसा, पिठलं निवतंय."