रिकामा पाळणा

"गळ्यात नळी आहे, त्यामुळे बाळ रडलं तरी आवाज फुटणार नाही. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, मावशी," नर्सने बजावलं होतं. आजारी बहीण घरी परतेपर्यंत भाचा मावशीकडेच राहणार होता.

दुपारी ती स्वयंपाकघरात नळ्या उकळत होती, तोच बाळाने टाहो फोडला. "आले रे राजा, आले!" म्हणत ती चपला फटफट वाजवत धावली. पाळण्यातून उचलताच बाळाने तिच्या खांद्यावर मान टाकली आणि ते झोपूनही गेलं.

"गुणाचं माझं ते!"

मग तिला नर्सचं बोलणं आठवलं.

रडणं थांबलं नव्हतं. समोरच्या रिकाम्या पाळण्यातून ते येतच होतं.

तिने बाळाला घट्ट धरलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "आले रे राजा, आले!" आणि चपला फटफट वाजवत निघालं.