अकरा किलो गहू

बाबांच्या तेराव्यानंतर गाडी विकायला काढायची म्हणून मी मागचं दार उघडलं. माझ्या छोटीसाठी घेतलेली सीट मागच्या काचेकडे तोंड करून बांधलेली होती. तिच्यात पट्टे लावून गव्हाची पिशवी बसवली होती. पिशवीवर बाबांच्या अक्षरात आकडे: नऊ खोडून दहा, दहा खोडून अकरा.

गेल्याच महिन्यात ते फोनवर म्हणाले होते, "अशी सीट केव्हाच आणून ठेवलीय, आता उलटी लावायची, मोठी झाली की सुलटी."

"बाबा, तुम्हाला ती नीट बसवता यायची नाही. आम्ही विमानतळावरून टॅक्सीने येऊ."

"बरं. वजन किती झालं गं तिचं?"

"दर रविवारी काय विचारता? अकरा."

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "रोज सकाळी गाडीतून चक्कर मारायचे. मी चिडवायचे, काका, नातीला गिरणीत नेताय का? तर म्हणायचे, लेक परीक्षा घेणार आहे, नापास होऊन चालायचं नाही."

ते गेल्यावर आम्ही टॅक्सीनेच आलो. छोटी सगळा रस्ता माझ्या मांडीवर होती.

मी पिशवी उतरवली, दोन्ही हातांनी सीट धरली आणि जोर लावून हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.